सुतारआळीची सामाईक करवत

(जीर्णोद्धार-पूर्तीनिमित्त देवळाच्या सभामंडपात भरलेल्या गावकऱ्यांच्या सभेत केलेले भाषण)



कलशारोहणाविषयी, देणगीदारांच्या औदार्याविषयी आणि श्रमदानाविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम सांगितले आहे. त्यात भर घालण्याइतके वक्तृत्व माझ्यापाशी नाही. समितीने मजकडे हिशेबाच्या वह्या आणि कागदपत्रांचे काम दिले होते. त्या वह्या आता बंद करावयाच्या आहेत. परंतु एक बाब शिल्लक आहे. सभामंडपाचे लाकूडकाम करण्यासाठी देवळामागे आपण तीस फूट बाय वीस फुटांची पत्र्याची शेड उभी केली. काम संपले, शेड उभीच आहे. तिचे पुढे काय करायचे?

सुतारआळीतील आठ घरांचे म्हणणे असे की, शेड पाडू नये. आठही घरांनी मिळून तेथे सामाईक कारखाना चालवावा आणि त्यात एक पॅनेल सॉ, म्हणजे मोठे तक्ते सरळ कापणारी यांत्रिक करवत बसवावी. या जीर्णोद्धारात आठ घरांचे कारागीर प्रथमच एका छपराखाली काम करताना आपण पाहिले. एरवी एकाच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याने हात लावला तर वर्षभर अबोला! तेव्हा ही मागणी आली हेच मला विशेष वाटले. मात्र करवत विकत घ्यावी, की आपणच बनवावी, आणि पैसा कोणाचा, यावर गावात मतभेद आहेत. पारावरही हीच चर्चा चालते. म्हणून समितीने मला चौकशी करून सांगण्यास फर्मावले. मी तालुक्याच्या कचेरीतला कारकून, सुतार नव्हे. परंतु कागदपत्र वाचणे आणि जाणत्याला विचारणे हा माझा रोजचाच उद्योग आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्या आजोबांच्या काळी सुतार म्हटला की नांगर, पाभर, बैलगाडी आणि सागवानी दार. वाकस, रंधा, पटाशी एवढ्यावर संसार चाले. आज लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टर आला. आता गिऱ्हाईक मागते ते स्वयंपाकघरातील ओट्याखालचे कप्पे, भिंतीतील कपाट, टीव्हीचे शोकेस. हे सारे प्लायवूडचे, एमडीएफचे किंवा भुशाच्या दाबलेल्या तक्त्याचे आणि वरून सनमायका. हा तक्ता आठ फूट बाय चार फुटांचा, म्हणजे बत्तीस चौरस फूट. पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या एका तक्त्याचे वजन ३५ ते ४० किलो भरते. एमडीएफ त्याहूनही जड. तो अंगणात दोन खुर्च्यांवर आडवा टाकायचा, दोघांनी धरायचा आणि तिसऱ्याने हातकटर चालवायचा. पाते थोडे वळले की एका टोकाला एक सूत कमी. कपाटाच्या दारात एक सूत म्हणजे डोळ्यांना दिसणारी फट. आणि सनमायकाच्या कडेच्या कपच्या उडतात त्या वेगळ्याच.

याचा परिणाम काय, तो आपल्या घरी तपासून पाहावा. गेल्या काही वर्षांत गावात जी लग्ने झाली, त्यांतील किती घरांत गावच्या सुताराने केलेले कपाट आले? बहुतेक शहरातून तयार आले. ते बसवायला मात्र आपल्याच आळीतील पोरे रोजंदारीवर गेली. माल शहराचा, नफा शहराचा, आपल्याकडे फक्त स्क्रू पिळणे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि ती ज्याची आहे त्याच्या परवानगीने सांगतो. तो येथे बसला आहे. फरशी कापायचा चार इंची कटर टेबलाखाली उलटा बांधायचा, पाते फळीतून वर काढायचे आणि त्यावर लाकूड ढकलायचे, अशी घरगुती युक्ती आपल्याकडे सर्रास चालते. तिला संरक्षक झाकण नाही, पात्यामागे पाचर नाही, बंद करायचे बटण हाताशी नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच टेबलावर आपल्या या तरुणाची उजव्या हाताची दोन बोटे गेली. लाकूड पात्यात आवळले, उसळले आणि हात पुढे गेला. अशा प्रसंगी काय घडते ते मी समजून घेतले. पात्याच्या पुढच्या बाजूचे दात खाली जातात, मागच्या बाजूचे वर येतात. कापलेली फट मिटून लाकडाने मागचे दात पकडले की तेच दात लाकडाला उचलून कामगाराच्या अंगावर फेकतात. म्हणून चांगल्या यंत्रात पात्याच्या लगेच मागे एक पोलादी पाचर उभी असते. ती फट मिटू देत नाही. ही काही शेकड्यांची वस्तू; पण दोन बोटे तिच्याअभावी गेली.

आता खऱ्या पॅनेल सॉविषयी. अशा सरकत्या टेबलाच्या करवतीचा शोध १९०६ साली बर्लिन येथील विल्हेल्म आल्टेनडॉर्फ या सुतारकाम करणाऱ्या कारागिराने लावला. त्याने केलेला विचार सोपा होता. लाकूड हाताने पात्यावर ढकलण्याऐवजी ते टेबलावर ठेवावे आणि टेबलच पात्याशेजारून सरळ रेषेत सरकावे. माणसाचा हात पात्यापासून दूर राहतो आणि रेष हाताच्या कसबावर न राहता रुळाच्या सरळपणावर अवलंबून राहते. आजही तत्त्व तेच आहे. मोठ्या यंत्राचे सरकते टेबल ३२०० मिलिमीटर, म्हणजे साडेदहा फूट लांब असते. तेव्हा आठ फुटी तक्ता एका दमात कापून होतो. मुख्य पाते साधारण ३०० मिलिमीटर व्यासाचे. ते मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरले तर दातांचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात जातो.

याशिवाय एक छोटे पाते असते आणि माझ्या मते सारा विकत घेण्याचा प्रश्न त्या छोट्या पात्यापाशी सुटतो. मुख्य पात्याचे दात वरून खाली जाऊन तक्त्याच्या पोटातून बाहेर पडतात, त्यामुळे खालच्या सनमायकाच्या कपच्या उडतात. ते टाळण्यासाठी मुख्य पात्याच्या पुढे सुमारे १२० मिलिमीटरचे हे दुसरे पाते उलट्या दिशेने फिरते आणि खालून एक-दोन मिलिमीटर खोल चर आधीच पाडून ठेवते. मागून येणाऱ्या मोठ्या पात्याला मग तोडण्यासारखे काही उरत नाही. दोन्ही बाजू आरशासारख्या निघतात. शहरातील कपाटाची कड आणि आपल्या कपाटाची कड यांत जो फरक गिऱ्हाइकाला दिसतो, तो बहुतांशी या छोट्या पात्याचा आहे.

आता आपल्या गावातील आयटीआय झालेल्या वेल्डर तरुणाची सूचना. त्याने मोबाईलवर पाहून एक नकाशा काढला आहे. तो मी नीट अभ्यासला आणि तो टाकाऊ मुळीच नाही. लोखंडी अँगलची एक उभी चौकट, भिंतीकडे किंचित कललेली. तक्ता तळाच्या रोलरवर उभा ठेवायचा. दोन नळ्यांवर हातातील गोल करवत खालीवर सरकेल अशी बसवायची आणि तिचे वजन कप्पीवरून दुसऱ्या वजनाने तोलायचे, विहिरीच्या मोटेसारखे. आडवा काप घ्यायचा तर करवत फिरवून जागच्या जागी पक्की करायची आणि तक्ता रोलरवरून पुढे ढकलायचा. खर्च फार थोडा, जागा भिंतीलगत चार-पाच फूट, आणि एकटा माणूस चाळीस किलोचा तक्ता हाताळू शकतो. परदेशात याच पद्धतीची उत्तम उभी यंत्रे कारखाने बनवतात.

असे असूनही मी त्याच्या विरुद्ध मत देतो, आणि त्याने राग मानू नये. चार फूट उंचीच्या नळ्या केसभर वाकल्या तरी काप वाकतो आणि वेल्डिंग केलेले लोखंड थंड होताना ओढले जाते हे त्यालाच माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. हातातील गोल करवतीचे दात खालून वर कापतात म्हणून वरची बाजू फुटते; चांगली बाजू खाली ठेवून एका अंगाचे भागेल, पण दोन्ही बाजूंनी सनमायका असलेल्या तक्त्याचे काय? पुढे चर पाडणारे पाते तिथे बसत नाही. ती मोटर कार्बनच्या ब्रशांची, दिवसभर आठ घरांचे काम ओढण्यासाठी केलेली नव्हे. आणि अखेरचे कारण असे की, ते यंत्र त्याच्या एकट्याच्या डोक्यात असेल. उद्या त्याला पुण्याला चांगली नोकरी लागली, लागावीच, तर बिघाड कोणी काढायचा?

याउलट यंत्राभोवतीचे जे जे आहे ते विकत घेणे हा शुद्ध उधळेपणा ठरेल. कापलेला तक्ता झेलणारी टेबले, तक्ते उभे ठेवायचा घोडा, ते ढकलत न्यायची चाकाची गाडी, अरुंद पट्टी ढकलायच्या लाकडी काठ्या, भुसा ओढण्याच्या नळीचे खोके, हे सर्व आपल्या कारागिरांनी आणि त्या वेल्डर तरुणाने करावे. त्याची उभी चौकटही करावी, पण मोठा तक्ता प्रथम ढोबळ दोन-तीन भागांत फोडण्यासाठी. त्या कामाला ती बरोबर आहे.

यंत्र घेताना टेबलाचे मधले अंग बीडाचे असावे, पत्र्याचे नको. जड बीड पात्याचा थरथराट गिळते. आपल्या भागात कोल्हापूरच्या भट्ट्यांतील ओतकाम लोकांना माहीतच आहे, तेव्हा बीड पारखणारी माणसे सापडतील. जुने यंत्र स्वस्तात मिळते असे काहीजण म्हणतात. सरकत्या टेबलाचे रूळ झिजले असतील तर ते गावात दुरुस्त होत नाहीत, आणि रूळच झिजलेली करवत म्हणजे दात पडलेला फणी. मी म्हणतो, लहान घ्या पण नवे घ्या. दीड-दोन लाखांपासून पुढे देशी यंत्रे मिळतात. तीन ठिकाणची लेखी दरपत्रके मागवावीत, त्यांत भाडे, बसवणी आणि कर वेगळे दाखवलेले असावेत. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. यंत्र बसल्यावर एक पूर्ण तक्ता चारही बाजूंनी कापून घ्यावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. २४४० बाय १२२० मिलिमीटरच्या चौकोनाचा कर्ण २७२८ मिलिमीटर येतो. कापात माप थोडे कमी झाले तरी हरकत नाही, पण दोन्ही कर्ण सारखे हवेत. गुण्याने एक कोपरा तपासून समाधान मानू नये. आठ फुटांत गुण्या फसतो, कर्ण फसत नाही. ते जुळले की शेवटचा हप्ता द्यावा.

जागेचा हिशेब असा. साडेदहा फुटी टेबल पुढे तेवढेच आणि मागे तेवढेच सरकते, म्हणजे लांबीत बावीस फुटांची मोकळी वाट हवी. शेड तीस फूट आहे, म्हणजे बसते. पण मधला खांब हलवावा लागेल आणि खाली मुरूम दाबून काँक्रीट करावे लागेल. विजेचे मात्र जड आहे. मुख्य मोटर ५ ते ७.५ अश्वशक्तीची, छोट्या पात्याची एक अश्वशक्ती आणि भुसा ओढणारी वेगळी. घरच्या सिंगल फेजवर हे चालणार नाही. थ्री फेजची स्वतंत्र औद्योगिक जोडणी महावितरणकडे मागावी लागेल. शेतीच्या लाईनवर आकडा टाकण्याची कल्पना कोणी पारावर मांडली होती, ती तेथेच राहू द्यावी. शेतीला थ्री फेज रात्री आली तर रात्री देवळामागे करवत चालवणार काय? शिवाय एक फेज गेली की मोटर गुरगुरत राहते आणि जळते, तेव्हा ते रोखणारे उपकरण पहिल्या दिवसापासून बसवावे.

आता कागद. देवस्थान नोंदलेले आहे, त्यामुळे त्याला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. त्याच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त व्यवस्थेची बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणून तोंडी ‘वापरा हो’ म्हणू नये. मुदत, भाडे आणि अटी लिहून करार करावा. यंत्रासाठी मात्र देवस्थानचा एक पैसाही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वहीत शिल्लक दिसते म्हणून काहींचे मन तिकडे गेले आहे. ज्या म्हातारीने कोंबड्या विकून एकशे एक रुपये दिले, तिने ते कळसासाठी दिले. ते तिला न विचारता करवतीच्या पात्यात घालण्याचा अधिकार समितीला नाही.

वनखात्याचेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात ऑक्टोबर २००२ मध्ये दिलेल्या आदेशापासून लाकडाच्या गिरण्यांवर कडक निर्बंध आले आणि २०१६ साली केंद्र सरकारने लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपण झाडाचे ओंडके चिरणार नाही, तयार तक्ते कापणार आहोत. तरी यंत्र आणण्यापूर्वीच वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे आणि अर्जात पात्याचा व्यास नमूद करावा. एकदा उत्तर फाईलला लागले की कोणी पाहुणा येऊन दम देऊ शकत नाही. बांधावरची बाभूळ ‘एवढी जरा चिरून द्या’ म्हणून जो येईल त्याला, तो सोयरा असला तरी, नाही म्हणावे लागेल.

पैशाचे आठ वाटे होतात. १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू आहे, तीत अठरा कारागिरीच्या व्यवसायांत सुतार आहेत. नोंदणी व पडताळणी झालेल्या कारागिराला पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाखापर्यंत कर्ज, दीड वर्षात फेडायचे. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. ते ज्याच्या त्याच्या हातच्या अवजारांसाठी आहे, ते यंत्राच्या हिशेबात धरू नये. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. आणि कर्ज ज्याच्या त्याच्या नावावर असते हे लक्षात ठेवावे. उद्या सामाईक कारखाना बसला तरी हप्ता बसत नाही. म्हणून प्रत्येकाने झेपेल तेवढेच घ्यावे. सहकारी संस्था नोंदवायची तर १९६० च्या कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा माणसे लागतात. आपल्याकडे आठ घरे आहेत. तो वेल्डर तरुण आणि शेजारच्या वाडीतील एक मिस्त्री आले तर दहा भरतात.

आपल्याकडे म्हण आहे, भागीचे घोडे किवणाने मेले. गावात गटाला मिळालेला फवारणीचा पंप कोणाच्या गोठ्यात गंजत पडला आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. नाव घेत नाही. करवतीचे तसे व्हायचे नसेल तर तिला एक धनी नेमावा लागेल. आठांतला एक जण, महिन्याचे ठरावीक मानधन घेणारा, किल्ली फक्त त्याच्याकडे. रोज सकाळी तो पाते, पाचर, झाकण पाहील आणि मगच यंत्र सुरू होईल. प्रत्येक तक्त्यामागे दर आकारावा, सभासदालाही. तो पैसा वेगळ्या खात्यात जावा आणि त्यातूनच पाती धारेला जावीत. या पात्यांचे दात टंगस्टन कार्बाइडचे असतात, कानशीने धार लागत नाही. हिऱ्याच्या चाकावर लावावी लागते, त्यासाठी शहरात पाठवावे लागते. म्हणून दोन जोड हवेत, एक यंत्रावर आणि एक धारेला. आणि ज्याच्या तक्त्यात खिळा निघून दात तुटेल त्याने भरपाई द्यावी, नाते कोणतेही असो. जुन्या देवळाची उतरवलेली तुळई आणि खांब शेडमध्ये रचून ठेवले आहेत. ते या करवतीवर कापायची भाषा मी ऐकली. त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे खिळे आहेत, कित्येक वरून दिसतही नाहीत. ते लाकूड हातानेच निवडावे.

झाकण काढून काम करायची आपल्याकडे खोड आहे. ‘जरा अडचण होते’ म्हणून पहिल्या आठवड्यात झाकण भिंतीला टांगले जाते. झाकण काढले तर त्या दिवशी यंत्र बंद, एवढा एकच नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हातमोजे, गळ्यातील गमछा, सैल बाही यांना यंत्राजवळ मज्जाव असावा. पाते कापड ओढून घेते. भुशाचेही हलके घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग उत्पन्न करणारी ठरवली आहे. तेव्हा भुसा ओढणारे यंत्र ही चैन नव्हे, ते करवतीबरोबरच घ्यावे.

शेड देवळाच्या आवारात आहे, त्यामुळे दोन गोष्टी गुरवकाकांशी बोलून ठरवल्या आहेत. सकाळच्या पूजेच्या आणि सायंआरतीच्या वेळी यंत्र बंद राहील, आणि हरिनाम सप्ताहात सातही दिवस बंद. महाप्रसादाची चुलाणे आपण नेहमी शेडच्या अंगाला मांडतो. ती यापुढे पूर्वेच्या बाजूला मांडावीत. कोरडा भुसा आणि चुलाण शेजारी ठेवणे परवडणारे नाही. माता-भगिनींना पाणी थोडे लांबून आणावे लागेल, त्यासाठी नळाची एक तोटी तिकडे ओढून देण्याचे समितीने मान्य केले आहे.

ज्याची बोटे गेली त्या आपल्या तरुणाला मी विचारले, की यंत्राची देखरेख करशील काय? त्याने अजून होकार दिलेला नाही. घरच्यांशी बोलतो म्हणाला. पात्याची भीती ज्याला ठाऊक आहे तोच झाकण काढू देणार नाही, असे मला वाटते. पण त्याच्यावर सभेने भीड घालू नये.

समितीपुढे माझी शिफारस आहे की, शेडचा करार आधी, विजेचा आणि वनखात्याचा अर्ज त्याबरोबर, आणि दरपत्रके त्यानंतर. अर्जांचे मसुदे मी तयार करून आणले आहेत, ते गुरवकाकांकडे ठेवतो. आठही घरांतील कर्त्या माणसांनी आणि ज्यांना सभासद व्हायचे आहे त्यांनी येत्या सोमवारपर्यंत तेथे येऊन वाचावेत, शंका असेल तर लिहून ठेवावी. अंगठा करणाऱ्यांना मी स्वतः वाचून दाखवीन. सुतारआळीतील भगिनींनीही यावे, कारण कर्जाचा हप्ता शेवटी घरातूनच जातो.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!